हा खरंच दुर्मीळ पक्षी आहे का? ओळख पक्की करण्याची वाट

मे १९९८ मध्ये इंग्लंडच्या ईशान्य किनाऱ्यावर, ड्रुरिज बे इथे, एक लहानखुरा कर्ल्यू उतरला. लांब बाकदार चोच चिखलात खुपसत फिरणारे कर्ल्यू त्या किनाऱ्याला नवे नाहीत, पण हा चणीने लहान आणि चोचीने नाजूक होता. अनेक अनुभवी निरीक्षकांनी तो पाहिला, त्याचे फोटो आणि व्हिडिओ घेतले गेले. बराच खल झाल्यावर २००२ मध्ये ती बारीक चोचीच्या कर्ल्यूची ब्रिटनमधली पहिली नोंद म्हणून स्वीकारली गेली. पुढे सगळा पुरावा पुन्हा तपासला गेला आणि २०१३ मध्ये तीच नोंद यादीतून काढून टाकण्यात आली. लहान चणीचा, कोवळ्या वयाचा साधा कर्ल्यू असण्याची शक्यता त्या पुराव्यावरून पूर्णपणे मिटत नव्हती. या जातीची शेवटची निर्विवाद नोंद १९९५ ची, मोरोक्कोच्या किनाऱ्यावरची. आता ती नामशेष म्हणून जाहीर झाली आहे.

फोटो, व्हिडिओ, जाणकार डोळे असं सगळं हाताशी असूनही नाव टिकलं नाही, कारण अडचण वेगळ्याच ठिकाणी होती. दुर्मीळ पक्षी ओळखताना खरे कष्ट पडतात ते त्याच्यासारखा दिसणारा नेहमीचा पक्षी नाकारताना. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्या एका कामासाठी आहेत.

आधी ठरवा: दुर्मीळ म्हणजे कशा अर्थाने?

‘दुर्मीळ’ हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण त्यात किमान चार वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात आणि प्रत्येकीला लागणारा पुरावा निराळा असतो.

पहिली, जगातच थोडे उरलेले पक्षी. चमच्यासारख्या चोचीचा तुतवार रशियाच्या अतिपूर्वेला वीण करतो आणि हिवाळ्यात बांगलादेश, म्यानमार, थायलंड, दक्षिण चीनच्या चिखलाच्या किनाऱ्यांवर उतरतो. त्याच्या ठरलेल्या जागी तो दिसणं अपेक्षितच आहे, फक्त त्याच्यासारख्या दिसणाऱ्या शेकडो टिलव्यांमधून तो वेगळा काढावा लागतो. दुसरी, वाट चुकून आलेले पक्षी. जगात भरपूर, पण तुम्ही उभे आहात तिथे कधीच न येणारे. तिसरी, ऋतू चुकलेले: हिवाळी पाहुणा ऐन उन्हाळ्यात दिसला, तर जात साधी असूनही नोंद महत्त्वाची ठरते. चौथी, लपून राहणारे. घनदाट झुडपात वावरणारे काही वटवटे किंवा रातवे संख्येने कमी नसतात, फक्त नजरेला पडत नाहीत. त्यांच्याबाबत शंका घेताना जरा हात आखडता घेतलेला बरा.

वाट चुकलेल्यांबद्दल थोडं अधिक लिहायला हवं, कारण बहुतेक गोंधळ त्यांच्याच बाबतीत होतो. स्थलांतराच्या परतीच्या दिवसांत भरकटणाऱ्यांत त्याच वर्षी जन्मलेली पिल्लं मोठ्या प्रमाणात असतात. पहिलाच प्रवास, त्यात दिशा चुकते किंवा वारा बाजूला ढकलतो. याचा सरळ परिणाम असा, की तुमच्यासमोर येणारा दुर्मीळ पाहुणा बहुतेकदा मळकट, अर्धवट पिसाऱ्यातला असतो, तर पुस्तकात ठळक छापलेलं चित्र असतं विणीच्या ऐन रंगातल्या नराचं. म्हणून पुस्तक चाळताना त्या कोपऱ्यातल्या छोट्या चित्राकडे जास्त वेळ द्या, जिथे पहिल्या हिवाळ्यातला पक्षी दाखवलेला असतो. वादळानंतरची गोष्टही लक्षात ठेवण्यासारखी आहे. चक्रीवादळ खुल्या समुद्रातल्या पक्ष्यांना किनाऱ्यावर, कधी कधी खूप आतल्या जलाशयांवरही आणून सोडतं. वारा ओसरल्याबरोबर तिथे जाऊन पाहणं केव्हाही फायद्याचं.

नेहमीच्या पक्ष्याचा अभ्यास, अगदी कंटाळा येईपर्यंत

दुर्मीळ पक्षी ओळखायला शिकण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे नेहमीचे पक्षी पुन्हा पुन्हा पाहणं. हा सल्ला अनेकांना बेचव वाटतो. पण मला याहून उपयोगी दुसरा सल्ला माहीत नाही.

छोटा टिलवा घ्या. विणीच्या रंगात तो तांबूस, हिवाळ्यात करडा, पिल्लूपणी पाठीवर पांढऱ्या रेषांची इंग्रजी व्ही अक्षरासारखी खूण. अंगावरची जुनी पिसं झिजलेली आणि नवी अर्धीच आलेली असली की हाच पक्षी कोणत्याच चित्राशी जुळत नाही. त्याचे पाय काळे. टेमिंकच्या टिलव्याचे पिवळसर. पण चिखलातून आलेल्या टेमिंकचे पायही काळेच दिसतात. छोट्या टिलव्याच्या चोचीच्या टोकाला चिखलाचा गोळा चिकटला, तर दुरून तो चमच्यासारख्या चोचीचा तुतवार भासतो. उलट खरा तुतवार बाजूने पाहिला तर त्याची चोच साधीच वाटते, कारण पसरट टोक समोरून किंवा वरून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. अशा वेळी वागणूक उपयोगी पडते. टिलवा टकटक चोच मारत, घाईघाईने वेचत जातो. हा तुतवार बहुधा उथळ पाण्यात डोकं खाली घालून चोच बाजूंना हलवत किंवा चिखलात ढकलत पुढे सरकतो.

एका हंगामासाठी एकच नेहमीची जात निवडा. तिचे नर, मादी, पिल्लं, झिजलेली पिसं, ओली पिसं, उन्हातली, सावलीतली, उडताना खालून आणि वरून, सगळी रूपं पाहून ठेवा. हिरवी तुतारी उडाली की पंखाची खालची बाजू गडद दिसते, ठिपकेवाल्या तुतारीची फिकट. हे वाक्य वाचायला क्षणभर लागतो, पण समोरून भुर्रकन उडणाऱ्या पक्ष्याच्या पंखाखालचा रंग टिपायला डोळ्याला सवय लागते, आणि ती सवय फक्त नेहमीच्या पक्ष्यांवरच होऊ शकते. दुर्मीळ पक्षी सरावाची संधी देत नाहीत.

या अभ्यासातूनच ज्याला पक्षीनिरीक्षक ‘जिझ’ म्हणतात ती जाण येते: एकूण ठेवण, चाल, बसण्याची पद्धत पाहून क्षणात नाव सुचणं. तिचा उपयोग ‘इथे काहीतरी वेगळं आहे, थांब’ एवढं कळण्यासाठी करावा. पुरावा म्हणून ती पुरत नाही.

पहिली दोन मिनिटं

वेगळा पक्षी दिसला की छातीत धडधड होते आणि हात आपसूक कॅमेऱ्याकडे जातो. जाऊ द्या. झटपट चार-पाच फोटो घ्या, कसेही येवोत. मग मात्र कॅमेरा खाली ठेवून दुर्बीण लावा. स्क्रीनवर मान घालून बसलेल्या माणसाला पक्षी शेपटी कशी हलवतो, कोणत्या पक्ष्यांबरोबर वावरतो, उडताना काय ओरडतो, यातलं काही दिसत नाही आणि ऐकूही येत नाही.

पाहण्याचा क्रम ठरलेला असावा, म्हणजे गडबडीत भाग सुटत नाहीत. मी चोचीपासून सुरू करते: लांबी डोक्याच्या तुलनेत किती, बुडाशी रंग कोणता, टोक सरळ की वळलेलं. मग डोळ्याभोवतीचं कडं, भुवई डोळ्याच्या पुढे किती आणि मागे किती जाते, कान झाकणारी पिसं. त्यानंतर गळा, छाती, कुशी, पोट, शेपटीखालची पिसं. मग पाठ आणि पंख. शेवटी पाय. पंख मिटलेले असताना टर्शियल पिसांच्या (पंखाच्या बुडाजवळची, मिटल्यावर वर येणारी) मागे प्राथमिक पिसं (पंखाच्या टोकाची लांब पिसं) किती बाहेर डोकावतात, हे मुद्दाम पाहा. लांबचं स्थलांतर करणाऱ्यांत हा भाग सहसा लांब असतो, आणि दिसायला जवळजवळ सारख्या वटवट्यांमध्ये किंवा तीरचिमण्यांमध्ये तो मोठा आधार ठरतो.

पक्षी उडालाच तर तीन जागा: कंबर, शेपटीच्या कडा, पंखाची मागची कड. साध्या पाणलाव्याच्या पंखाच्या मागच्या कडेला स्पष्ट पांढरी किनार असते, सुईसारख्या शेपटीच्या पाणलाव्याला ती जवळपास नसते. जमिनीवर बसलेले हे दोघे भल्याभल्यांना वेगळे सांगता येत नाहीत. तरीही चांगली खूण दिसावी म्हणून पक्ष्याला उडवू नका. लांब पल्ल्याचा प्रवास करून आलेला पक्षी थकलेला आणि भुकेला असतो. त्याला वारंवार उठवणं म्हणजे त्याच्या शिल्लक ताकदीवर घाला आहे. थांबलात तर तो स्वतःहून पंख ताणतो, पिसं साफ करतो, शेपटी पसरतो, आणि तुम्हाला हवं ते सगळं दाखवतो.

आकार, रंग आणि उजेड यांचा दगा

एकट्या पक्ष्याचा आकार अंदाजाने सांगू नका. शेजारी ओळखीचा पक्षी असेल तरच ‘तुतवाराहून किंचित मोठा’ अशी तुलना लिहा. टेलिस्कोपमध्ये याहूनही फसवी गोष्ट घडते. जास्त मोठं करून पाहताना अंतराचा अंदाज सपाट होतो, आणि एकाच आकाराच्या दोन पक्ष्यांपैकी मागचा पक्षी पुढच्यापेक्षा मोठा भासतो. तुलना करायची तर दोघे एका रेषेत, सारख्या अंतरावर येईपर्यंत वाट पाहावी लागते.

रंगाचं तर विचारूच नका. सूर्य उतरणीला असताना करडी पाठ तांबूस होते. ढगाळ आभाळाखाली तीच पाठ शिशासारखी दिसते. पाठीमागून प्रकाश असला की पिवळ्या पोटाचा पक्षी काळा होतो. हिरव्यागार पानांतून झिरपणारा उजेड पांढऱ्या छातीवर हिरवट झाक टाकतो. कॅमेरा यात आपली भर घालतो: पांढरे भाग जळतात, त्यांच्यातल्या बारीक रेषा पुसल्या जातात, आपोआप ठरणारा व्हाइट बॅलन्स, म्हणजे रंगांचा समतोल, एकाच पक्ष्याला दोन फोटोंत दोन रंग देतो. शिवाय फोटो एका क्षणाचा असतो. मान आखडलेला पक्षी गुबगुबीत आणि आखूड चोचीचा दिसतो, मान ताणल्यावर तोच सडपातळ. म्हणून एका सुंदर फोटोपेक्षा वेगवेगळ्या कोनांतले वीस मध्यम फोटो ओळखीला जास्त उपयोगी असतात.

माझा कौल रंगापेक्षा घडणीला आहे. पंखाच्या टोकाशी वेगळी दिसणारी ‘बोटं’ (म्हणजे सुटी लांब पिसं), शेपटीची लांबी, पायांची लांबी, चोचीची जाडी या गोष्टी उजेडाने बदलत नाहीत. करड्या भोवत्या या शिकारी पक्ष्याच्या पंखाच्या टोकाशी पाच बोटं मोजता येतात, पांढुरक्या आणि माँटेग्यूच्या भोवत्याला चार. त्यांच्या माद्या दूर माळावर तरंगत असताना तपकिरी रंगावर डोकं फोडण्यापेक्षा उडतानाचे चांगले फोटो घेऊन ही बोटं मोजावीत.

पिसांचं वय

हा भाग नवख्यांना सगळ्यात कमी शिकवला जातो, आणि खोट्या दुर्मीळ पक्ष्यांतले बरेच इथूनच जन्मतात.

पिसं झिजतात. गडद पिसांत मेलॅनिन हे रंगद्रव्य असतं आणि ते पिसाला मजबूत करतं. पांढऱ्या भागात ते नसतं, त्यामुळे पांढरा भाग लवकर झिजतो. परिणामी पर्णवटवट्याच्या पंखावरची फिकट पट्टी काही महिन्यांत नाहीशी होऊ शकते आणि कुरवाच्या पंखटोकांवरचे पांढरे ठिपके गळून पडतात. ‘पंखावर पट्टी नाही’ हे लिहिताना पिसं ताजी आहेत की झिजलेली, हेही लिहिलं पाहिजे, नाहीतर त्या वाक्याला अर्थ उरत नाही.

पिसं गळतात. डोक्यावरची सगळी पिसं एकदम गाळलेला कावळा किंवा बुलबुल टकला दिसतो आणि कुणालाही चक्रावून टाकतो. शेपटीची मधली पिसं गळलेली असतील तर शेपटी दुभंगलेली वाटते. उडताना पंखात फट दिसली की ती दोन्ही पंखांत सारख्या जागी आहे का ते बघा. सारख्या जागी असेल तर बहुधा पिसं बदलण्याचा काळ चालू आहे.

पिसं रंगतात आणि फिकीही पडतात. फुलांत तोंड घालणाऱ्या पक्ष्यांच्या कपाळावर परागकण साचून पिवळा किंवा नारिंगी ठिपका तयार होतो, आणि तो कोणत्याही पुस्तकात सापडत नाही. सँडहिल क्रौंच स्वतःच चिखल माखून करड्या पाठीला गंजाचा रंग आणतात. ल्युसिझममुळे, म्हणजे पिसांत रंगद्रव्य कमी पडल्यामुळे, कावळ्याच्या पंखात पांढरी पिसं येतात. चोचही बिघडू शकते: अलास्कात काळ्या टोपीच्या चिकडी या छोट्या पक्ष्यांमध्ये चोच वेडीवाकडी लांब वाढण्याचा विकार मोठ्या प्रमाणावर आढळला आहे. म्हणून ‘चोच अशी कुणाचीच नसते’ असं वाटलं की बाकीचा पक्षी काय सांगतो ते आधी पाहा.

यात संकराची भर पडते. बदकांत तो विशेष आढळतो. शेंडी बदक आणि लालसरी यांचा संकर अमेरिकेतल्या छोट्या स्कॉप या बदकाशी इतका मिळताजुळता असू शकतो, की पंखावरच्या पट्टीचा रंग, चोचीच्या टोकावरचा काळा भाग आणि पाठीवरच्या बारीक रेषा नीट पाहिल्याशिवाय निकाल देता येत नाही. पिंजऱ्यातून सुटलेला पाळीव पक्षी ही शेवटची शक्यता. पायात कडी, तुटकी शेपटी, कातरलेले पंख, माणसाची अजिबात भीती नसणं, यांतलं काही दिसलं तर लिहून ठेवा. कुठल्याशा दूरच्या ओसाड प्रदेशातून आलेला वन्य पक्षीही माणसाला बिचकत नाही, तेव्हा केवळ धिटाईवरून निष्कर्ष काढू नका.

पुस्तक उघडण्याआधी वही

सगळ्या पायऱ्यांत ही सर्वांत मोलाची. पक्षी नजरेसमोर असताना किंवा उडून गेल्यागेल्या, पुस्तक वा ॲप न उघडता, कुणाशी न बोलता, दिसलं ते लिहा. एकदा चित्र पाहिलं की आठवण त्या चित्राकडे झुकते. ज्या भुवईबद्दल तुम्ही साशंक होता ती अचानक ठळक होते, न पाहिलेल्या पायांचा रंगही आठवू लागतो. ही अप्रामाणिकता नव्हे, स्मरणशक्तीचं काम असंच चालतं.

वहीत तारीख, वेळ, जागा, अंतर, उजेड कुठल्या बाजूने, किती वेळ पाहिलं, कोणत्या साधनातून, हे आधी. मग वर सांगितलेल्या क्रमाने वर्णन. चित्र काढा. चित्रकला येत नसली तरी चालेल: अंड्याएवढा गोल, त्यावर छोटा गोल, एक चोच, आणि बाण काढून प्रत्येक भागाचा रंग. आणि जे दिसलं नाही तेही लिहा. ‘पाय गवतात होते, दिसले नाहीत’ या वाक्यामुळे तुमच्या उरलेल्या वर्णनावरचा विश्वास वाढतो.

लिहिताना निरीक्षण आणि निष्कर्ष वेगळे ठेवा. ‘मादीची छाती’ असं लिहू नका. ‘छाती फिकट तपकिरी, वर गडद बारीक रेषा, पोटावर रेषा नाहीत’ असं लिहा. मादी आहे का, हा प्रश्न नंतरचा.

नेहमीचा पक्षी नाकारून दाखवा

आता पुस्तक उघडा, पण दुर्मीळ पक्ष्याच्या पानापासून सुरुवात करू नका. आधी तुमच्या वर्णनाशी मिळणाऱ्या सगळ्या नेहमीच्या जातींची यादी करा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही का नाही? ‘वेगळा वाटत होता’ हे कारण होत नाही. ‘कंबर पांढरी होती, या जातीची कधीच पांढरी नसते’ हे कारण होतं. यादीत ल्युसिझम झालेला, झिजलेला, पिल्लू वयातला नेहमीचा पक्षीही धरा.

मग दुर्मीळ जातीचं पान. इथे जुळणाऱ्या खुणा मोजण्याचा मोह होतो. पाच जुळल्या, एक नाही, म्हणजे झालंच की! पण न जुळणारी ती एक खूणच बहुतेकदा खरं बोलत असते. तिला समजावून बाजूला सारू नका. ती का जुळत नाही याचं ठोस कारण, म्हणजे झीज, वय किंवा उजेड, सापडलं तरच पुढे जा.

खुणांचं वजनही सारखं नसतं. काही खुणा एकाच जातीत असतात आणि प्रत्येक पक्ष्यात असतात. काही त्या जातीत बहुधा दिसतात, पण शेजारच्या जातीतही कधी कधी दिसतात. रानपिंगळ्याचं उदाहरण घ्या. ठिपकेवाला पिंगळा गावोगाव दिसतो, त्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके भरपूर असतात. रानपिंगळ्याचं डोकं आणि पाठ जवळजवळ बिनठिपक्याची, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पांढरे पट्टे, छाती गडद, खालचं पोट स्वच्छ पांढरं. शिवाय तो दिवसा वावरतो. पण ‘दिवसा दिसला’ ही खूण एकटी अगदी कमी वजनाची, कारण ठिपकेवाला पिंगळाही भरदिवसा ढोलीच्या तोंडाशी ऊन खात बसलेला असतो. अस्पष्ट फोटोत ठिपके पुसले गेले की डोकं बिनठिपक्याचं वाटतं, हेही ध्यानात असू द्या. पट्टे, छाती आणि पोट यांची साक्ष मिळाल्याशिवाय नाव देऊ नये.

आवाज

काही जाती डोळ्यांपेक्षा कानांनी सहज वेगळ्या होतात. ह्यूमचा पर्णवटवट्या आणि पिवळ्या भुवईचा पर्णवटवट्या बराच काळ एकच जात मानले जात. त्यांचं गाणं आणि साद वेगळी, हे त्यांना स्वतंत्र मानण्यामागचं एक मोठं कारण. त्यामुळे फोन बाहेर काढा आणि रेकॉर्डिंग सुरू करा, पक्षी गप्प असला तरी. थांबवण्याआधी तारीख, वेळ, जागा स्वतःच्या आवाजात बोलून ठेवा. मूळ फाइल जशीच्या तशी जपा. आवाज साफ केलेली प्रत वेगळी करा.

आवाजावरून नाव सुचवणारी ॲप उपयोगी आहेत, पण त्यांचं उत्तर म्हणजे शोध कुठून सुरू करायचा त्याची सूचना. नकलाकार पक्षी त्यांना आणि आपल्याला सारखेच फसवतात. भृंगराज कोतवाल कितीतरी पक्ष्यांचे आवाज काढतो. युरोपातल्या दलदली वटवट्याच्या एकेका नराच्या गाण्यात सरासरी ७६ जातींच्या नकला मोजल्या गेल्या आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी तो हिवाळ्यात आफ्रिकेत ऐकून शिकलेला असतो. दुर्मीळ पक्ष्याचा आवाज झुडपातून आला तर गाणारा प्रत्यक्ष दिसेपर्यंत थांबावं. उत्तर मिळावं म्हणून त्याच जातीचा आवाज स्पीकरवर वाजवू नका, विशेषतः विणीच्या दिवसांत. आपल्या हद्दीत कुणी घुसलं असं समजून पक्षी घरटं सोडून धावतो.

एकाने नाव उच्चारलं की

गटात पाहण्याचे फायदे खूप, पण एक धोका मोठा. कुणी जाणकार मोठ्याने नाव घेतो आणि पुढच्या क्षणापासून सगळ्यांना त्याच नावाच्या खुणा दिसू लागतात. मग दहा साक्षीदार असले तरी साक्ष एकाचीच असते. यावर सोपा उपाय: पक्षी दिसताच नाव न घेता वर्णन बोला. ‘भुवई मागे रुंद होतेय’, ‘शेपटी सतत खाली झटकतोय’. पाचेक मिनिटं प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहावं, मगच नाव. अनुभवी माणसाने शेवटी बोलावं.

घाईत मिळालेली झलक आणि प्रबळ इच्छा एकत्र आली की काय होतं, हे अमेरिकेतल्या हस्तिदंती चोचीच्या सुतारावरून दिसतं. तो संपला असं अनेक दशकं मानलं जात होतं. २००४ मध्ये आर्कान्सा राज्यातल्या दलदली जंगलात तो दिसल्याची बातमी आली, काही सेकंदांचा अंधूक व्हिडिओ मिळाला आणि २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात शोधनिबंध आला. वाद पंखावरच्या पांढऱ्या भागावर होता. २००६ मध्ये पक्षीतज्ज्ञ डेव्हिड सिब्ली आणि सहकाऱ्यांनी त्याच नियतकालिकात दाखवलं, की नेहमीचा पायलिएटेड सुतार उडताना पंखाची खालची बाजू वळून तसाच पांढरा भाग दिसू शकतो. नेहमीच्या पक्ष्याचं उडणं फ्रेम-फ्रेमने अभ्यासल्याशिवाय हा मुद्दा पुढे आला नसता. त्यानंतरच्या मोठ्या शोधमोहिमांतून सर्वांना पटेल असा पुरावा मिळाला नाही.

नोंद पाठवताना

पक्षीनोंदी साठवणाऱ्या ई-बर्डसारख्या ऑनलाइन व्यासपीठावर दुर्मीळ नोंद टाकली की परीक्षक तपशील मागतो. त्याचा राग मानू नका. तो तुमच्यावर अविश्वास दाखवत नसतो. दहा वर्षांनी ती नोंद वाचणाऱ्या अनोळखी माणसाच्या वतीने विचारत असतो. मूळ वर्णन, कच्चे फोटो, रेकॉर्डिंग आणि ‘कोणत्या जाती का नाकारल्या’ हे सगळं जोडा. फोटो काटछाट न करता एकदा तरी द्या, कारण परिसर आणि शेजारचे पक्षी त्यात असतात. जमिनीवर पडलेलं पीस किंवा ताजी विष्ठा मिळाली तर काही वेळा डीएनए तपासणीतून उत्तर निघतं, मात्र त्यासाठी स्थानिक कायदा आणि जाणकार संस्थेचा सल्ला आधी घ्यावा.

घरटं, कायमचं विश्रांतीस्थान किंवा संकटग्रस्त जातीची नेमकी जागा उघड करू नका. फोटोत दडलेली स्थानमाहितीही काढून टाका.

खोटी नोंद किती नुकसान करते, याचा रानपिंगळा हाच सर्वांत मोठा दाखला आहे. या जातीचा शेवटचा खरा नमुना, म्हणजे भरून जपलेला पक्षी, १८८४ मधला. पण ब्रिटिश लष्करी अधिकारी आणि पक्षीसंग्राहक रिचर्ड माइनर्टझहॅगन यांनी १९१४ मध्ये गुजरातेत मांडवी इथे एक मिळवल्याचा दावा केला होता, आणि पुढच्या शोधकांनी त्या जागेला महत्त्व दिलं. पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी तो नमुना तपासला तेव्हा तो दुसऱ्याच संग्राहकाचा, जुना, चोरून नव्याने भरलेला असल्याचं निघालं. ती नोंद बाजूला ठेवून खऱ्या जुन्या जागांकडे वळल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये त्या, बेन किंग आणि डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ रानपिंगळा सापडला. नमुन्याला लावलेल्या एका बनावट चिठ्ठीने शोध किती वर्षं चुकीच्या दिशेला नेला असेल, याचा विचार केला की परीक्षकांचे प्रश्न मला कधीच जास्त वाटत नाहीत.

नाव ठरलंच नाही तर

‘कुरव, जात अनिश्चित’ ही पूर्ण, स्वीकारार्ह नोंद आहे. ई-बर्डमध्ये ‘अमुक किंवा तमुक’ असे पर्यायही असतात, ते निःसंकोच वापरा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी, किनाऱ्यावर असाल तर भरती-ओहोटीच्या त्याच अवस्थेला, त्याच जागी जा. भरकटलेले पक्षी अनेकदा काही दिवस एकाच टापूत चरत राहतात, आणि आदल्या दिवशी जी खूण दिसली नाही, समजा पायांचा रंग किंवा शेपटीची कड, तेवढीच पाहायचं ठरवून गेलं की काम सोपं होतं. शक्य असेल तर सोबत अशा कुणाला न्या, ज्याला तुम्ही तुमचा अंदाज सांगितलेला नाही.

तरीही उत्तर नाही मिळालं, तर वही आणि मूळ फाइल तारखेसकट जपून ठेवा. जाती विभागल्या जातात, नव्या खुणा सापडतात, पूर्वी न कळलेला फरक पंधरा वर्षांनी सर्वमान्य होतो. त्या वेळी नीट लिहिलेलं, नाव नसलेलं एक पान तपासायला घेता येतं. त्यावर घाईने लिहिलेलं चुकीचं नाव असेल, तर ते पान पुन्हा उघडायची बुद्धीच कुणाला होत नाही.